विहाराची किल्ली कुणाकडं?

दलित साहित्यावर समीक्षा लिहिणारे आपल्याकडं पुष्कळ झाले. वेदना झाली, विद्रोह झाला, नकार झाला, अनुभवाची प्रामाणिकता झाली. कविता फाडून बघितली, आत्मकथनाची आतडी मोजली. पण ती कविता पहिल्यांदा कुठं म्हटली गेली, कुणाच्या ओट्यावर, किती वाजता, ऐकायला कोण बसलं होतं आणि कोण येऊ शकलं नाही, हे कुणी विचारलं नाही. प्रस्थापित समीक्षकाला हा प्रश्न पडायचं कारणच नाही. त्याला जागा बापजाद्यांपासून मिळालेली असते. त्याच्या गावात वाचनालय असतं, वाचनालयाला हॉल असतो, आणि हॉलच्या अध्यक्षाचं आडनाव त्याच्या ओळखीचं असतं. प्रश्न आपल्याला पडायला पाहिजे होता. आपल्यालाही पडला नाही, कारण आपण समीक्षा शिकलो ती त्यांच्याच पुस्तकांतून.

म्हणून या लेखात मी परीक्षणाला पुस्तक घेतलेलं नाही. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या जागा घेतल्या आहेत. सभागृहं, संमेलनाचे मंडप, समाजमंदिरं, अभ्यासिका, विहार. ज्याला ही समीक्षा वाटत नसेल त्यानं पान उलटावं.

आधी घडलं ते सांगतो.

गेल्या पावसाळ्यात नांदेडच्या एका वस्तीतली सात पोरं आणि दोन पोरी एकांकिका बसवायला निघाली. मी त्यांचा दिग्दर्शक नाही, नुसता वयानं मोठा म्हणून बरोबर. संहिता त्यांचीच. एका सफाई कामगाराच्या घरातली गोष्ट, थोडी भाषणबाज, पण जिवंत. पाहिजे होती फक्त जागा. रोज संध्याकाळी दीड-दोन तास, महिना-दीड महिना. एका सभागृहाच्या हाफिसात गेलो. भाडं वेगळं, अनामत वेगळी, विजेचं वेगळं, आणि शेवटी म्हणे तालमीला देतच नाही, कार्यक्रमालाच देतो. एका कॉलेजात गेलो तर नाटकात काय आहे ते आधी लिहून द्या. लिहून दिलं. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. मग पोरं गोदावरीच्या घाटावर तालीम करू लागली. तीन दिवस झाली. चौथ्या दिवशी दोन्ही पोरी आल्या नाहीत.

एकीच्या घरी गेलो. तिची आई चार घरची धुणीभांडी करते. मावशी म्हणाल्या, "दादा, नाटकाला माझी ना न्हाई. पण दिस बुडाल्यावर नदीवर पोरीला कशी धाडू? इथं आपल्या इहारात करा की. मी सोता दारात बसते."

विहार त्यांच्या दारापासून साठ पावलांवर. आरसीसीचं बांधकाम, वर घुमट, आत चकचकीत फरशी, चार पंखे, समोर लोखंडी चॅनेल गेट. गेटला कुलूप. किल्ली कमिटीच्या सचिवाकडं, आणि सचिवसाहेब वस्ती सोडून शहराच्या दुसऱ्या टोकाला बंगल्यात राहायला गेलेले. पौर्णिमेला येतात, वंदना घेतात, कुलूप लावून जातात. वर्षावासात दुपारी तासभर पुतण्याला पाठवून उघडतात. फोन केला. ते म्हणाले, "विहार पवित्र जागा आहे. तिथं नाटकं-बिटकं नकोत."

दोस्तांनो, सचिवाला शिव्या घालायला ही पानं खर्च करायची नाहीत. माणूस वाईट नाही. नामांतराच्या लढ्यात लाठी खाल्लेला आहे. पण त्याच्या या एका वाक्यात आपल्या चळवळीची गेली तीस-चाळीस वर्षं अडकली आहेत.

'पवित्र' हा शब्द कुठून आला? विहार हा शब्द मुळात भिक्खूंच्या राहण्याच्या, शिकण्याच्या, वाद घालण्याच्या जागेचा. सोवळं-ओवळं देवळाचं. आपण देऊळ सोडलं आणि देवळाची कडी विहाराला लावली. बरं, नाटकाचं म्हणाल तर इतिहास काय सांगतो? १९५५ साली औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी म. भि. चिटणीसांचं 'युगयात्रा' रंगमंचावर आणलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५६ मध्ये, नागपूरला धम्मदीक्षेसाठी लाखोंचा समुदाय जमला तेव्हा तिथंही हे नाटक झालं. म्हणजे दीक्षेच्या वेळी नाटक चालतं, आणि दीक्षा घेतलेल्यांच्या पणतीला विहारात नाटक चालत नाही! त्याच्याही आधी, तिसाच्या दशकात, भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती जलसे घेऊन गावोगाव फिरत होते. त्या जलशांनी निरक्षर माणसाला महाडचा आणि काळारामाचा अर्थ सांगितला. जलसा ज्या समाजाची पहिली शाळा, त्या समाजाच्या विहारात ढोलकीला बंदी.

मिलिंदचं नाव निघालं तर तिथंच थोडं थांबू, कारण मराठवाड्यात आपल्या माणसांसाठी मुद्दाम उभी केलेली पहिली सांस्कृतिक जागा तीच. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या भागात १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं कॉलेज काढलं. लोक म्हणतात, कॉलेज काढलं म्हणून लेखक झाले. अर्धंच खरं आहे. कॉलेजं पुढं रगड निघाली, तालुक्या-तालुक्याला निघाली, सगळीकडं लेखक झाले काय? नागसेनवनात वर्गाच्या बाहेर जे होतं त्यानं लेखक केले. वसतिगृह होतं. एका खोलीत उदगीरकडचा, नांदेडकडचा, विदर्भातला पोरगा एकत्र राहत होता. रात्री दिवा बंद करा म्हणणारा घरमालक नव्हता. तुझी जात कोणती विचारणारी खाणावळवाली नव्हती. तिथूनच साठच्या दशकाच्या शेवटी 'अस्मितादर्श' उभं राहिलं, म. ना. वानखडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक त्यामागं होते. उदगीर भागातून पोटाला चिमटा घेत आलेले प्र. ई. सोनकांबळे मिलिंदमध्येच शिकले, आणि १९७९ ला 'आठवणींचे पक्षी' आलं. त्या पुस्तकाच्या पानापानावर भूक आहे हे सगळ्यांनी लिहिलं. झोपायला, अभ्यासाला हक्काची जागा नसलेल्या पोराचं ते पुस्तक आहे, हे कमी जणांनी लिहिलं.

दुसरं उदाहरण लातूरचं. लक्ष्मण गायकवाड. धनेगावचा, पाथरूट समाजातला माणूस. लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागला, कामगारांच्या लढ्यात पडला. १९८७ ला 'उचल्या' आलं, १९८८ ला साहित्य अकादमी मिळाली. त्यांना कुठल्या संस्कारकेंद्रानं घडवलं? गिरणीच्या गेटनं. पाळी सुटल्यावर जिथं चार कामगार थांबून बोलतात ती जागा. तिला ना छत ना पाटी, पण रोजची होती आणि परवानगी लागत नव्हती. माझ्या हिशेबानं या दोनच गोष्टींवर जागा ओळखावी: रोजची आहे का, आणि तिथं जायला कुणाला विचारावं लागतं का.

याच फुटपट्टीनं आपल्या नाटकाकडं बघू. नांदेडचं नाव दलित रंगभूमीत घेतलं जातं ते दत्ता भगत यांच्यामुळं. त्यांचं 'वाटा पळवाटा' ऐंशीच्या दशकातलं. आंबेडकरांच्या काळातले काका, मधल्या पिढीतला प्राध्यापक सतीश, तरुण अर्जुन, आणि सतीशची ब्राह्मण बायको हेमा. पुरानं बेघर झालेल्या वस्तीचा प्रश्न मध्यभागी. चळवळीतल्या तीन पिढ्यांचं भांडण इतकं उघड करून मांडणारं दुसरं मराठी नाटक मला माहीत नाही. मी त्याची पारायणं केली आहेत. पण एक गोष्ट सलते. हे सगळं घडतं प्राध्यापकाच्या बैठकीच्या खोलीत. पूर बाहेर, वस्ती बाहेर, मोर्चा बाहेर. आत फक्त त्याच्या बातम्या येतात. भगत सरांना वस्ती माहीत नव्हती असं कोण म्हणेल? माझं म्हणणं वेगळं आहे. जलसा चौकात होत होता तेव्हा त्याच्यात चौक होता. नाटकाला उपलब्ध रंगमंच तीन भिंतींचा, पडद्याचा, स्पर्धेचा झाला, तेव्हा नाटकाच्या पोटातली जागाही तीन भिंतींची झाली. जागा नुसती नाटकाला आसरा देत नाही, नाटक कसं असावं तेही ठरवते. आज नांदेडला कुसुम सभागृह आहे, डॉ. शंकरराव चव्हाण प्रेक्षागृह आहे. लातूरला दयानंद सभागृह आहे. चांगली आहेत, असावीत. पण तिथं पोचायला आधी नाटक तयार असावं लागतं. ते तयार कुठं व्हायचं?

कुणी म्हणेल, पोरं मरायलीत, घरं जळायलीत, आणि तुम्ही तालमीची खोली काय घेऊन बसलात. बरोबर आहे, हा प्रश्न विचाराच. पण मराठवाड्यात माणसं कशावरून मारली गेली ते एकदा आठवा. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि इकडं वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत ४ ऑगस्टला पोचिराम कांबळे यांना मारलं. मातंग समाजातला माणूस, जयभीम सोडायला तयार नव्हता. कितीतरी कुटुंबं गाव सोडून शहरात आली. नांदेडच्या, लातूरच्या वस्त्या अशाच फुगल्या. २५ नोव्हेंबर १९९३ ला नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला पेटवून घेतलं, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. सोळा वर्षांचा लढा कशासाठी होता? एका ज्ञानाच्या जागेच्या दारावर आपल्या बापाचं नाव असावं यासाठी. आणि हे जुनं झालं असं कुणी समजू नये. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. त्या वर्षी गावात भीमजयंती काढण्यासाठी तो धडपडला होता. गावातल्या रस्त्यावरून, सगळ्यांच्या रस्त्यावरून, वाजतगाजत जायचं एवढंच. सार्वजनिक जागेत आपला आवाज निघाला की रक्त निघतं, हे ज्या प्रदेशाला माहीत आहे त्या प्रदेशात बंद दाराआडच्या आपल्या जागेला किती किंमत असली पाहिजे! आणि तिलाच आपण आतून कुलूप लावून बसलो.

आता मंडपांकडं येतो. एप्रिल २०२२ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला एकाच वेळी दोन संमेलनं झाली. २२ ते २४ एप्रिल ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष भारत सासणे. २३ आणि २४ ला १६ वं विद्रोही साहित्य संमेलन, अध्यक्ष गणेश विसपुते. एकाला सरकारी अनुदान, जे पुढच्या वर्षी वर्ध्याच्या वेळी ५० लाखांवरून २ कोटींवर गेलं. दुसरं १९९९ साली धारावीत बाबुराव बागूलांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेलं, मूठभर धान्य आणि एक रुपया मागत उभं राहणारं. मी कुणाच्या बाजूचा हे सांगायची गरज नाही. पण आपल्या बाजूच्या माणसालाच खडा सवाल विचारता येतो. मंडप उतरला, जनरेटर गेला, सतरंज्या गेल्या. ज्या बाईनं धान्याची मूठ दिली तिच्या गल्लीत पुढच्या मंगळवारी संध्याकाळी काय होतं? संमेलन ही जत्रा आहे. जत्रा पाहिजेच, माणसाला आपली गर्दी बघून बळ येतं. पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषदेला जी माणसं येतात ती बघून माझी छाती दर वर्षी भरून येते. पण जत्रेवर कुणाचं रोजचं पोट भरत नाही.

मंगळवारची ही कसोटी मी आता सगळ्याच वास्तूंना लावतो. उदगीरलाच ४ सप्टेंबर २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते विश्वशांती बुद्ध विहाराचं लोकार्पण झालं. कलबुर्गीच्या विहाराच्या धर्तीवरची भव्य वास्तू. ज्या तालुक्यात आपल्याला विहिरीवर चढू देत नव्हते तिथं देशाचा राष्ट्रपती आपल्या दाराशी येतो, हे लहान नाही. त्या वास्तूच्या पायऱ्यांवर उदगीरच्या पोरांनी कविता वाचावी, भांडावं, ढोलकी शिकावी, आणि हे दर मंगळवारी व्हावं, एवढंच माझं मागणं आहे. दगड आणि घुमट ती परवानगी आपणहून देत नाहीत. ती मागायला कुणीतरी जावं लागतं.

लहान वस्त्यांत याच्या उलट आहे. तिथं वास्तू भव्य नाही, नुसती आहे. दलित वस्ती सुधार योजना सत्तरच्या दशकापासून चालू आहे. रस्ता, नाली, पाण्याची टाकी आणि समाजमंदिर. खोलीवर आमदाराच्या नावाची फरशी, आत सिमेंटची पोती, कधी मतदानाचं केंद्र, कधी लग्नाच्या पंगती, कधी पत्ते. कागदावर इमारत ग्रामपंचायतीची नाहीतर पालिकेची, म्हणजे आपल्या सगळ्यांची. प्रत्यक्षात ज्याचा गट निवडून आला त्याची. लातूरचा माझा एक मित्र म्हणतो, आपण महापालिकेकडं मोठ्या सांस्कृतिक भवनाची मागणी लावून धरू, आपल्याच कराचा पैसा आहे. मागा ना. मीही मोर्चात येतो. पण भवन मंजूर झालं की पहिला झगडा ठेकेदारीचा, दुसरा नावाचा, तिसरा कमिटीचा. दहा वर्षांनी भवन उभं राहील आणि मावशींची पोरगी तोवर दोन लेकरांची आई झालेली असेल. तिला आज संध्याकाळी जागा पाहिजे.

एका गोष्टीबद्दल मला अवघड बोलायचं आहे. अभ्यासिका. 'लातूर पॅटर्न'नं शहराला परीक्षेची बाजारपेठ केली, त्याबरोबर शांतताही विकायला निघाली. महिन्याला पैसे भरा, खुर्ची घ्या, पडदा ओढा. गरिबाच्या पोराला ते परवडत नाही म्हणून कितीतरी विहारांत आपल्या कार्यकर्त्यांनी फुकट अभ्यासिका काढल्या. हे काम मोठं आहे. एका खोलीच्या घरात सहा माणसं, टीव्ही, आजारी आजी, त्यातला पोरगा विहारात येऊन पोलीस भरतीचं, एमपीएससीचं, नीटचं पुस्तक उघडतो. त्याला नावं ठेवणारा मी कोण? पण तिथली पाटी वाचा. 'शांतता राखा.' सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत शांतता. ज्या जागेत वर्षानुवर्षं कुणी तोंड उघडत नाही तिथून कलेक्टर निघेल, शाहीर निघणार नाही. आणि त्या कलेक्टरला त्याच्या वस्तीची भाषा बोलता येईल की नाही याचीही मला शंका आहे. 'शिका' हा शब्द आपण धरला; त्याच्या पाठीमागं 'संघटित व्हा' आहे, आणि संघटित होणं मुक्यानं होत नाही.

आवाजाची जागा वस्तीत अजिबात नाही असंही नाही. आहे, आणि ती आपण साहित्यात मोजतच नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, तीन महिने, विहारात बाया जमतात आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मोठ्यानं वाचतात. एक वाचते, बाकीच्या ऐकतात. पांढरी साडी, मांडीवर नातू, बाहेर पाऊस. शेवटी खीरदान. मराठवाड्यात गावोगाव, गल्लोगल्ली हे चालतं. कुठल्या प्रस्थापित साहित्य संस्थेनं तीन-तीन महिने रोज ग्रंथवाचनाला बायका जमवून दाखवाव्यात! आणि आपले तरुण कार्यकर्ते काय म्हणतात? बायांचं धार्मिक काम. अरे, धार्मिक कसलं, तो वाचनकट्टा आहे. अध्याय संपल्यावर अर्धा तास थांबून "आता तुझी गोष्ट सांग" म्हणायची देर आहे. याच बायांच्या सासवांनी जात्यावर भीमाच्या ओव्या रचल्या. त्यातल्या कितीतरी १९९६ ला माजलगावच्या भीमनगरात हेमा राईरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याहून येऊन ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, म्हणून आज ऐकायला मिळतात. पुण्याहून येऊन! आपण तिथंच होतो. आपल्याला त्या ओव्या ऐकू येत नव्हत्या, कारण आपण मुक्तछंद लिहीत होतो.

परक्या मुलखातलं एक उदाहरण सांगतो. आपल्या लोकांनी काळ्या साहित्याचा अभ्यास केला, पँथर हे नावही तिकडून घेतलं, पण ही गोष्ट फारशी सांगितली गेली नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १३५ व्या रस्त्यावर सार्वजनिक वाचनालयाची शाखा होती. १९२५-२६ च्या सुमाराला डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी तिच्या तळघरात काळ्यांची नाटक मंडळी उभी केली, क्रिग्वा नावाची. तळघर हं, प्रेक्षागृह नाही. डू बॉईस यांनी काळ्यांच्या रंगभूमीला चार अटी घातल्या: नाटक आमच्याविषयी असावं, आमच्या माणसानं लिहावं, आमच्या प्रेक्षकासाठी असावं. या तीन अटी आपणही दलित साहित्याला घातल्या, त्यावर संमेलनांत रात्री जागवल्या. चौथी अट आपण घातलीच नाही. ती अशी, की नाटक आमच्या जवळ असावं, आमच्या वस्तीत. मावशी जे बोलल्या तेच.

पुढची गोष्ट आणखी शिकण्यासारखी. १९४० ला त्याच तळघरात अमेरिकन निग्रो थिएटर सुरू झालं. सिडने पॉईटिए नावाचा पोरगा तिथं शिकायला आला, त्याला नीट वाचता येत नव्हतं. त्यानं झाडलोट करायची आणि बदल्यात अभिनय शिकायचा, असं ठरलं. पुढं तो जगप्रसिद्ध नट झाला. पण १९४४ ला त्यांचं एक नाटक गाजलं आणि थेट ब्रॉडवेवर गेलं. चांगले नट त्याच्याबरोबर गेले. मग प्रत्येक नाटक ब्रॉडवेवर जाईल का या हिशेबानं बसू लागलं, आणि दशक संपता संपता मंडळी ओसरली. आपल्याकडं राज्य नाट्यस्पर्धेनं हेच केलं नाही काय? पोरं नाटक बसवतात ती परीक्षकासाठी. वस्तीत प्रयोग झाला तर झाला.

सचिवसाहेबांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल. त्यांनी मला नंतर घरी बोलावून चहा पाजला आणि हिशेब मांडला. वीजबिल कोण भरतं? पूर्वी एकदा विहार उघडा ठेवला तर आत दारूच्या बाटल्या सापडल्या. दोन गटांची हाणामारी झाली, मूर्तीची काच फुटली, पोलीस आले. पोरी येणार म्हणजे उद्या कुणी काही बोललं तर? शिवाय अभ्यासिकेतली पोरं तक्रार करणार. यातलं काहीच खोटं नव्हतं. किल्ली ठेवणारा माणूस बहुधा जबाबदारी घेतलेला एकटा माणूस असतो. आपण जबाबदारी घेत नाही आणि किल्ली मागतो. जयंतीच्या डीजेला एका रात्रीत लाख रुपये जमवणाऱ्या वस्तीला वर्षाचं वीजबिल जड का जावं, हा प्रश्न सचिवाला नव्हे, आपल्याला आहे. आणि डीजेचं म्हणाल तर रात्री दहानंतर भोंगा बंद हा २००० सालापासूनचा नियम, वर्षातले पंधराएक दिवस बारापर्यंत सूट. जलसा पूर्वी जेवणं उरकल्यावर सुरू व्हायचा तो पहाटेपर्यंत. आता भोंग्याशिवाय, चार भिंतींत, साध्या गळ्यानं म्हणता येईल असं काहीतरी पुन्हा शोधावं लागेल. माझ्या मते त्यात नुकसान नाही.

आणखी एक. सातातला एक पोरगा मातंग वस्तीतला. विहाराचं बोलणं निघालं तेव्हा तो हळूच म्हणाला, "मला चालंल का तिथं?" मी खाली बघितलं. टेंभुर्णीचा पोचिराम आपण प्रत्येक भाषणात घेतो, आणि शेजारच्या वस्तीतल्या पोराला आपल्या दारात उभं राहून विचारावं लागतं.

शेवटी किल्ली आम्ही आणली नाही. वर्षावासाला जमणाऱ्या सहा बायांनी आणली. पोथी मिटवली, रिक्षा केली आणि सचिवाच्या बंगल्यावर जाऊन बसल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. इतवाऱ्यात एका किल्लीवाल्याकडून दुसरी किल्ली बनवून घेतली, ती मावशींच्या कमरेला आहे. अभ्यासिकेतल्या पोरांशी दोन दिवस भांडण झालं, मग ठरलं: मंगळवार, गुरुवार, शनिवार, साडेसात ते नऊ, पुस्तकं मिटायची. त्यातला एक भरतीवाला आता प्रकाशयोजना बघतो, म्हणजे ट्यूब चालू-बंद करतो. वीजबिलाला घरटी वीस रुपये ठरले; सगळ्या घरांचे आलेले नाहीत.

नाटक अजून बसलेलं नाही. बाया दारात बसून बघतात आणि मधेच बोलतात. सफाई कामगाराची बायको नवऱ्याला परिवर्तनावर लांबलचक भाषण देते तिथं मावशी हसल्या. म्हणाल्या, "दिवसभर राबून आलेली बाई एवढं कामून बोलंल? ती भांडं आदळंल." पोरांनी भाषण काढलं, भांडं ठेवलं. लिहिणारा पोरगा दोन दिवस रुसला होता. शेवटचा प्रवेश तर तिसऱ्यांदा लिहायलेत. कुणाला बघायचं असेल तर शनिवारी या. चपला बाहेर काढा, आणि आत आल्यावर गेट ओढून घ्या, कुत्री येतात.